गांजा खाल्लेल्या म्हशीचा आवाज

९ फेब्रुवारी

सकाळी राहुरीतच एका शाळेत बक्षीस समारंभ. पाहुणी मीच. 'खरं बोला, प्राण्यांवर माया करा' वगैरे बोलले. पहिलीतल्या एका मुलीनं माझीच चिमणीची गोष्ट मला म्हणून दाखवली, एक शब्द न चुकता. डोळे भरून आले. नारळ पिशवीत टाकला आणि तिथूनच एस.टी.नं श्रीरामपूर, रूथच्या ॲनिमेशनच्या स्टुडिओत. दुपारभर चर्चा एकच : म्हशीचं पादणं मोठं असावं की बारीक. रू. म्हणते बारीक, आणि त्यानंतर बराच वेळ काहीच नाही. पटलं.

सेहेचाळीस वय झालं आणि हे चाललंय. परतताना बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

११ फेब्रुवारी

आज श्री.ना गोष्ट सांगितली. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, तरी नवऱ्याला असली गोष्ट सांगताना कानशिलं गरम झाली. विद्यापीठातून नुकतेच आले होते, चहा घेत होते.

दोन म्हशी. चंद्री आणि गंगी. उसाच्या मधोमध कुणीतरी चोरून गांजा लावलेला. दोघी दावं तोडून आत शिरतात, पोटभर खातात, मग बांधावर येऊन बसतात. पुढे सगळा वेळ नशा आणि गप्पा. घाण घाण गप्पा.

"कार्टून?"

"ॲनिमेशन. मोठ्यांसाठी."

"मग शेवटी त्या गांजावाल्याला पकडून देतात का?"

"नाही."

"व्यसनमुक्ती?"

"नाही हो."

कप खाली ठेवला. मिशी पुसली. "नाव तुझंच लावणार?"

हे मी स्वतःला अजून विचारलं नव्हतं. भाजी निवडायला घेतली.

१५ फेब्रुवारी

महाशिवरात्र. साबुदाणा, रताळी. मी जन्मात कसली नशा केलेली नाही आणि लिहायला बसलेय गांजेकस म्हशींवर. श्री.ना विचारलं, तुम्ही कधी? तर म्हणे हॉस्टेलवर असताना एकदा याच दिवशी भांग घेतली होती.

"मग काय केलंत?"

"काही नाही. भिंतीकडे बघत बसलो."

"आणि?"

बराच विचार केला. "भिंत छान होती."

एवढी वर्षं हे मला सांगितलं नव्हतं. आणि आज सांगतानाही चेहरा असा, की जणू भिंत अजून समोर आहे. मी हसून हसून बेजार. ते मात्र गंभीर. यात काहीतरी आहे. पकडता येत नाहीये.

२० फेब्रुवारी

पहिला नमुना पाहिला. पाचेक मिनिटांचा. आवाज पुण्याच्या दोन नटांचे. रू.नं जीव ओतून काढलंय : गांजा खाल्ल्यावर ऊस जांभळा होतो, विहीर आभाळात चढते, गंगी पंख फुटून उडते, शेणाच्या गोवऱ्यांचे चंद्र होतात. दिसायला सुंदर.

कुणी हसलं नाही. स्टुडिओतली दोन मुलं हसली, ती रू.कडे बघून.

गोदामाचे मालक रांका शेठ (स्टुडिओच्या खालीच त्यांचा कापूस) वर आले होते. "छान आहे, नातवाला दाखवतो," म्हणाले. रू.नं डोकं टेबलावर ठेवलं.

नंतर दोघीच बसलो. तिचा उपवासकाळ सुरू झालाय, ईस्टरपर्यंत चहा सोडलाय, त्यामुळे चिडचिड आधीच. म्हणाली, "ताई, चित्रातली म्हैस उडाली तर कोण दचकणार? चित्रात सगळेच उडतात. नशा कळणार कशी?"

आणि शिव्या. मी लिहिलेल्या शिव्या कागदावर तिखट होत्या. चित्रातल्या म्हशीनं दिल्या की गोड झाल्या. उशीच्या अभ्र्यावर भरतकाम करून घातल्यासारख्या. नट दारू प्यायल्यासारखे झुलत बोलतात. गांजाचं झुलणं वेगळं असणार. भिंतीवाला माणूस झुलत नव्हता.

मुंबईचा निर्माता जयेश फोनवर : "मी पहिल्यापासून सांगतोय, हॉस्टेलची पोरं करा. खरी माणसं, खरा कॅमेरा. असली पिक्चरं त्यातच चालतात. जनावरं आली की लहान मुलांचं होतं."

मार्चअखेरपर्यंत मुदत. तोवर नमुना जमला नाही तर विषय बंद. रू.ला हैदराबादच्या एका कंपनीचं बोलावणं आहे. स्टुडिओ बंद करून जाईल. ती हे बोलली नाही, पण भिंतीवरची जुनी चित्रं उतरवून गुंडाळून ठेवलेली दिसली.

२३ फेब्रुवारी

दोन दिवस लिहिलं नाही. जयेशचं वाक्य डोक्यात. बरोबर असेल तर?

पण मला हे का हवंय? वीस वर्षं माझ्या पुस्तकांवर एकच शब्द येतो, 'निर्मळ'. सुमनताईंचं निर्मळ लेखन. वाईट नाही तो शब्द. पण मी काही निर्मळच ऐकत मोठी झाले नाही. उन्हाळ्यात मिरजगावला, कौसाआत्याकडे, कुरडयांच्या दिवशी बायका जमायच्या. हसण्याचा एक ठरावीक आवाज सुरू झाला की आत्या म्हणायची, "सुमे, जा गं, पानी आन." मी कळशी घेऊन जायची आणि दाराआड उभी राहायची. कळायचं काहीच नाही. पण पोटातून हसू यायचं. न कळता.

त्या हसण्यात म्हशी होत्या, नवरे होते, सगळं एकाच दावणीला.

आत्याला फोन केला. "तुमचं बायकांचं बोलणं रेकॉर्ड करायचंय." म्हणाली, "ये की. सोमवारी कुरडयांचा चीक शिजवायचाय."

२ मार्च

मिरजगाव. हात अजून चिकाचा वास मारतायत.

पोचले तेव्हा आत्या नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन गच्चीवर बसलेली. शेजारी तिची धाकटी जाऊ मंदाकाकू, तीही नटलेली. मला कळेना. मग उलगडा झाला. मागच्या वर्षी कॉलेजच्या कुणी मुली येऊन जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून गेल्या, शाल-नारळ दिला. लेखक बाई फोन घेऊन आली म्हणजे ओव्यांसाठीच, असं आत्यानं धरलं. बोलणं रेकॉर्ड करायचंय म्हटलं, तर बोलणं म्हणजे ओव्या बोलणं.

मी खुलासा केला नाही. ती इतकी सजली होती.

मग तिनं ओव्या म्हटल्या. विठ्ठल, भाऊराया, सासुरवास. सरळ पाठ, ताठ आवाज, शाळेत कविता म्हणतात तशा. मी "छान छान" करत होते. शेवटी म्हणाली, "झालं न्हवं समदं?" आणि पदर खोचला, कमरेची डबी काढली, चिमूटभर मिश्री तळहातावर घेतली, बोट बुडवलं आणि दातांना लावलं. मंदाकाकूनंही. दोघी भिंतीला टेकल्या. ऊन वर येत होतं. सोऱ्या बाजूला.

फोन पातेल्याशेजारीच होता. चालू. मी बंद केला नाही. विसरले असं लिहिणार होते, पण रोजनिशीत तरी नको. बंद केला नाही.

मंदाकाकू : "डागदर येऊन गेला म्हनं काल. म्हशीला."

आत्या : "आला की." (बोट दातांवर.) "हातात ती लांब पिशवी घातली. खांद्यापत्तुर." (बोट.) "आन घातला हात." (बोट. बराच वेळ.) "म्हस बगती माझ्याकडं. मी बगते म्हशीकडं." (गच्चीच्या कडेला जाऊन थुंकली. परत येऊन बसली. पुन्हा बोट.) "म्हनलं, बया, माझ्याकडं काय बगती. माझ्या वक्ताला पिशवी बी नव्हती."

मंदाकाकूनं चिकाचं पातेलं दोन्ही हातांनी धरलं म्हणून वाचलं. मी भिंतीकडे तोंड करून हसले. आत्या हसलीच नाही. दात घासत राहिली.

"चार वेतं झाली म्हशीची," नंतर म्हणाली, "रेड्याचं तोंड बगितलं न्हाई तिनं. सरकारी नवरा. येतो, नळी घालतो, पावती फाडतो."

३ मार्च

बसमध्ये नगरपर्यंत तेच ऐकत आले. कानात तारा. ड्रायव्हरच्या मागची सीट, ऊन तोंडावर, मला कशाचंच भान नव्हतं.

सापडलंय.

विनोद वाक्यात नाही तेवढा मधल्या थांबण्यात. मिश्रीचं बोट फिरत असतं तेवढा वेळ बाई बोलत नाही, आणि घाईही करत नाही. मिश्रीची थोडी झिंग असतेच. पुढचं वाक्य येईल तेव्हा येईल. ऐकणाऱ्यानं थांबायचं. भिंत छान होती. तेच हे. नशा म्हणजे जांभळा ऊस नव्हे. नशा म्हणजे कसलीही घाई नसणं.

आणि म्हैस काय करते दिवसभर? रवंथ. जबडा फिरवते आणि समोर बघते.

उतरल्यावर थेट श्रीरामपूरची बस पकडली. घरी फोन करून सांगितलं, जेवून घ्या.

रू.नं हेडफोन लावून ऐकलं. डॉक्टरपाशी आली तशी तोंडावर हात. ऐकून झाल्यावर पेन्सिल घेतली. जबड्याची चारच चित्रं काढली : खाली, डावीकडे, वर, उजवीकडे. एकामागे एक फिरवली. म्हैस रवंथ करायला लागली. आता ती हवा तितका वेळ करत राहील.

"ताई, कळलं का? चित्रात प्रत्येक क्षण कुणाला तरी हातानं काढावा लागतो. म्हणून आम्ही काहीच न घडण्याला घाबरतो. काढायचंच आहे तर काहीतरी घडू दे, उडू दे, आपटू दे. इथं बोट फिरतंय तेवढा वेळ जबडा फिरवायचा. चार चित्रांत."

खऱ्या माणसाला कॅमेऱ्यापुढे इतका वेळ काही न करता बसवलं तर तो कंटाळल्यासारखा दिसेल. म्हैस दिसत नाही. म्हैस विचार करतेय असं वाटतं. जयेशला हे सांगायला हवं. नको, दाखवायलाच हवं.



१२ मार्च

नवा नमुना झाला.

जांभळं काही नाही. बांध, ऊस, दोन म्हशी बसलेल्या. रंग साधे, मार्चच्या उन्हातले. रू.नं म्हशींचे मोठे गोड डोळे काढून टाकले, खऱ्यासारखे बारीक, ओशाळे केले. जबडे फिरतात. एक बगळा गंगीच्या पाठीवर बसतो. उठतो. पुन्हा बसतो. मग चंद्री म्हणते, फोनमधल्या आत्याच्याच आवाजात, हातात ती लांब पिशवी घातली.

रांका शेठ पाण्याच्या मोटरीचं विचारायला वर आले होते. दारात उभे राहिले. मग जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. 'पिशवी बी नव्हती'ला त्यांच्या तोंडून जो आवाज आला तो शेठ माणसाचा नव्हता. मागाहून रू.कडे न बघता म्हणाले, "हे नातवाला दाखवू नका."

रू. आणि मी एकमेकींचे हात धरून बसलो होतो.

शिवीही आता गोड लागत नाही. तिच्यामागे आयुष्यभर म्हशींचं शेण काढलेली बाई आहे, हे आवाजात ऐकू येतं. चित्र खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. आवाज खरा असला की दोन्हीच्या मधल्या फटीतून हसू येतं. असं काहीतरी. नीट मांडता येत नाही. उद्या.

१३ मार्च

जयेशचा फोन. ऑफिसात तीनदा लावून पाहिलं म्हणे. हॉस्टेलच्या पोरांचं नाव काढलं नाही.

"ती चंद्री कोण आहे? कुठली ॲक्ट्रेस?"

"माझी आत्या."

हसला. मग म्हणाला, मोठा पिक्चर करू, आवाज हेच दोन. बदलले तर मी नाही. दोघींची संमती कागदावर घ्या, महिनाअखेरपर्यंत पाठवा.

मी हो हो हो म्हटलं. फोन ठेवला. रू. नाचत होती, कोरडीच, चहाविना. नाचता नाचता थांबली.

"ताई, आत्यांना माहीत आहे ना?"

१४ मार्च

सकाळी आत्याचाच फोन. "सुमे, माझ्या ओव्या कंदी दावनार? आळीत समद्यान्ला सांगितलंय. मंदीनं झंपर शिवायला टाकलाय."

"लवकरच, आत्या."

फोन ठेवून ओट्याशी उभी राहिले. दूध उतू गेलं.

तिनं मला जे दिलं ते ओव्या. जे दिलं नाही ते मी घेतलं, आणि सगळं त्यावर उभं आहे. आत्याच्या गावात बायकांचं ते हसणं बायकांपुरतंच असतं. त्यासाठीच तर मला पाणी आणायला पाठवायच्या.

१७ मार्च

रू.नं वाट काढून पाहिली. नगरच्या एका नाटकातल्या बाई आल्या, चांगल्या आहेत, आत्याच्याच भागातल्या, कर्जतकडच्या. त्यांनी आत्याची वाक्यं म्हटली. 'वक्ताला', 'बया', थांबणं, सगळं जागच्या जागी. मिश्रीसुद्धा लावली, मग ठसका लागला.

जमलं नाही. बाई म्हशीला हसत होत्या. आत्या म्हशीकडे बघत होती आणि म्हैस आत्याकडे. त्या दोघींचं काहीतरी आपसातलं आहे. ते नक्कल करून येत नाही.

म्हणजे आत्याच. किंवा काही नाही.

१९ मार्च

पाडवा. गुढी उभारली. श्री. कडुनिंबाची पानं चावत म्हणाले, "घाबरतेस कशाला? तू मागितलंस तर ती हो म्हणेल."

"म्हणूनच भीती वाटते. माझ्यावरच्या मायेनं म्हणेल."

तोंड वाकडं केलं. कडुनिंबानं की माझ्या बोलण्यानं, कळलं नाही.

तिनं मनापासून हसावं आणि मग हो म्हणावं. इतकंच हवंय. फार मागतेय का. रविवारी जाते. रू.लाही नेते, लॅपटॉपसकट.

२२ मार्च

मिरजगावहून आताच आले. सगळं लिहून मगच जेवते.

आत्याच्या पुढच्या खोलीत सतरंजी, त्यावर आळीतल्या बायका. हळदीकुंकू मांडलेलं. मंदाकाकू नव्या झंपरात. मला भिंतीत जागा मिळाली असती तर शिरले असते.

रू.ला चहा दिला. तिनं उपवास सांगितला. आत्या : "कसला उपास?" "चहाचा." आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "बाई, उपासाला चहाच तर असतो." रू.नं कप हातात धरून ठेवला, निवेपर्यंत.

मी आत्याला स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, "आत्या, यात ओव्या नाहीत."

"मंग?"

सांगितलं. ओव्या झाल्यावर फोन बंद केला नाही, मिश्री लावल्यावरचं बोलणं घेतलं, ते एका म्हशीच्या तोंडी घातलं, म्हैस गांजा खाऊन बसली आहे. सलग सांगितलं. मध्ये थांबले असते तर राहून गेलं असतं.

चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवलं तिनं. "डागदराचं बी?"

"हो."

"पिशवीचं?"

"हो, आत्या. तुला नको असेल तर बाहेर बायकांना काहीच दाखवत नाही. आम्ही परत जातो."

माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी खोटं बोलले की बघायची तसं. मग म्हणाली, "झंपर शिवलाय तिनं. दाव."

दाखवलं. बायका आधी चित्राला हसल्या, म्हशी आहेत म्हणून. मग आवाज आला. मंदाकाकू ओरडली, "आगं बया, ही तं मी." आणि मग ते हसणं. दाराआडचं. तसंच, पोटातून वर येणारं, एकीनं दुसरीच्या पाठीत मारणारं. या वेळी मला कुणी पाण्याला पाठवलं नव्हतं. सतरंजीवर होते मी. रू. खिडकीकडे तोंड करून उभी, खांदे हलत होते, हसत होती की रडत होती नंतरही सांगितलं नाही.

आत्या हसली नाही. बोट दातांवर. पडद्यावर चंद्रीचा जबडा फिरत होता आणि इकडे आत्याचं बोट, आणि दोन्ही एका लयीत. ते फक्त मी बघितलं बहुतेक.

संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा लाव."

दुसऱ्यांदा पाहून झाल्यावर रू.ला : "म्हस लई वाळल्याली काढली. चारा घालीत न्हाईत का तिला?" मग मला : "आन माझ्या ओव्या कुठं गेल्या?"

"आहेत, आत्या. जपून ठेवल्यात."

"त्या नगं झाल्या."

ओव्या ताठ होत्या, त्यात तू नव्हतीस, हे कसं सांगायचं. वीस वर्षं मीही ताठच लिहितेय.

रू.नं संमतीचा कागद वाचून दाखवला, एकेक ओळ, सोप्या भाषेत. मंदाकाकू : "आना इकडं, मी करते सही." आत्या : "गप बस. तुजा आवाज हाय कितीसा."

मग कागद घडी करून डबीखाली ठेवला. "आदी समदा पिच्चर बगीन. मग सांगीन."

"आत्या, तुझ्या आवाजाशिवाय पिक्चर होणारच नाही."

"मंग हुईल तवा बगू."

यावर दोन शिकलेल्या बाया काय बोलणार. निघताना तिनं दोन पिशव्या कुरडया दिल्या. एक रू.ला. रागावलेली असती तर दिल्या नसत्या. का दिल्या असत्या? आत्याचं सांगता येत नाही.

२४ मार्च

जयेशला रू.नं सांगितलं, कागद अजून झालेला नाही. तो म्हणाला, मुदत तीच. हैदराबादचं पत्रही आलं. रू.नं ते वाचून खिडकीच्या फटीत खोचलं, वारा येतो म्हणून.

मी मात्र आज एक ठरवलं. श्री. पेपर वाचत होते.

"नाव माझंच लावणार."

पेपर खाली आला नाही. "शाळांत बोलावणार नाहीत मग."

"बोलावतील. पहिलीच्या वर्गात नाही, एवढंच."

आत्याला आवाज दे म्हणायचं आणि आपण टोपणनावाखाली बसायचं, हे शोभत नाही. पिक्चर होवो न होवो. बऱ्याच वेळानं पेपरामागून : "कुरडया तळ की."

२६ मार्च

फोन नाही. मी करायचा नाही असं ठरवलंय. दोनदा हातात घेतला, ठेवला. ओव्यांची रेकॉर्डिंग्ज पुन्हा ऐकली. तिसऱ्या ओवीच्या शेवटी, भाऊरायाच्या, आत्या क्षणभर थांबते. तिथे आवाज सैल आहे. पहिल्यांदा ऐकताना सुटलं होतं माझ्याकडून.

२७ मार्च

आत्ता. सकाळचे भांड्यांचे आवाज चालू आहेत. आत्याचा फोन.

"सुमे, ती म्हस बांधावर बसली ती उठती कंदी?"

"अजून लिहिलं नाही, आत्या."

"का?"

"तू सही केली नाहीस म्हणून."

"सही केल्याली न्हाईच. ध्यानात ठिव."

"ठेवलंय."

मग बराच वेळ काही नाही. मी थांबले. आता थांबायला शिकले आहे.

"पर उठताना काय म्हनती ते मला ठावं हाय. आन तिथं एक ओवी घालायची. भाऊरायाची."

"ओवी? नशेत?"

"मंग काय शुद्धीत गाती का कुनी म्हस."

मी हसले, आणि पलीकडे, पहिल्यांदाच, तीही. बारीक. लगेच थांबली.

"फोन चालू हाय का तुजा?"

"नाही, आत्या. करू का?"

माझा फोन स्पीकरवर ठेवलाय, रेकॉर्डिंगला श्री.चा फोन शेजारी ओढून घेतलाय, अंगठा बटणापाशी. हे दुसऱ्या हातानं लिहितेय, अक्षर वेडंवाकडं. पलीकडून डबीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आता नुसतं बोट दातांवर फिरतंय.

मी थांबले आहे.